माजी सासूबाईंचं नेट

धाकटीने फोन घेतला तेव्हा तिच्या तोंडात अर्धं बिस्किट होतं, आणि पडद्यावर आलेलं ग्राहकाचं नाव वाचून ते तिथेच अडकलं.

नाव सासूबाईंचं होतं. पत्ताही त्यांचाच. तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. त्या दाराची कडी लावायची तर आधी दार खांद्याने रेटावं लागतं, हे पडद्यावर लिहिलेलं नव्हतं. ते धाकटीला ठाऊक होतं, कारण चार वर्षं तिने ते दार रेटलं होतं. मग घटस्फोट झाला आणि ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. बहिणींत सगळ्यात लहान म्हणून ती धाकटी. सासरी गेली तरी धाकटी, परत आली तरी धाकटी, आणि या इंटरनेट कंपनीच्या मदत केंद्रात नोकरीला लागली तेव्हा इथेही कोणीतरी ते नाव हुडकून काढलंच.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" सवयीने वाक्य बाहेर पडलं, बिस्किटाच्या भुग्यासकट.

"मदत राहू द्या बाजूला," पलीकडून आवाज आला. "आधी मला सांगा, मला व्हायरस झालाय असं तुमच्या कंपनीला कोणी सांगितलं?"

आवाज अगदी होता तसाच होता. वरच्या पट्टीत सुरू व्हायचा आणि तिथून आणखी वर जायचा.

माणूस मंत्री होता आणि आता नाही, तर त्याला माजी मंत्री म्हणतात. शाळा सोडलेला माजी विद्यार्थी होतो. पण माजी सासू हा शब्द कोणी वापरत नाही, कारण सासू माजी होते यावर कोणाचा विश्वासच नाही. धाकटीचाही त्या क्षणी उडाला. तिने फोन दुसऱ्या कोणाकडे वळवायचं बटण शोधलं. बटण दाबल्यावर कॉम्प्युटरने कारण विचारलं. भाषेची अडचण, तांत्रिक अडचण, आक्रमक ग्राहक. 'ग्राहक माझी सासू होती' असा पर्याय नव्हता. आक्रमक ग्राहक निवडावं तर सुपरवायझर तो फोन स्वतः ऐकतो. मध्येच फोन ठेवायला तर सक्त मनाई. तिने पाण्याचा घोट घेतला, बिस्किट खाली ढकललं, आणि आवाज दोन पायऱ्या खाली आणून म्हणाली, "मॅडम, नेमकी अडचण काय आहे, सांगाल का?"

"अडचण काय असणार? लॅपटॉपवर इंटरनेट नाही. परवापासून नाही. मुलगा म्हणतो, तुझ्या लॅपटॉपला व्हायरस लागलाय, तो घरभर पसरेल म्हणून कंपनीने तोडलंय, महिनाभर तरी जोडणार नाहीत. अहो, मी काय उघडून बसते त्याच्यात की व्हायरस लागावा? आणि लागला तर आधी विचारायची काही रीत?"

"मॅडम, कंपनी असं काही करत नाही."

"मग मुलगा खोटं बोलतो?"

या प्रश्नाचं धाकटीकडे चार वर्षांचं उत्तर होतं, पण मदत केंद्रात ते कुठल्याच खान्यात बसत नव्हतं.

"आपण एकेक तपासून बघू," ती म्हणाली. "लॅपटॉप चालू आहे?"

"चालू आहे. नुसता चालूच आहे."

"खाली उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह दिसतंय का?"

"थांबा, पंखा बंद करते, तुमचं काही ऐकू येत नाहीये. हं, बोला. पंख्याचं काय?"

"पंखा नाही, पंख्यासारखं चिन्ह. उघडलेल्या हातपंख्यासारखं. वायफायचं."

"नाही. तिथे गोळा दिसतोय. पृथ्वीचा गोळा."

"त्यावर क्लिक करा. काय लिहून येतंय?"

सासूबाईंनी चष्मा शोधला. तो शोधत असताना त्या टेबलाला, ड्रॉवरला आणि सगळ्या घराला जे बोलल्या ते रेकॉर्ड होत होतं. मदत केंद्रातले सगळेच फोन रेकॉर्ड होतात. अखेर त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला होता, पण पुढे इंटरनेट नव्हतं.

"विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का, बघा."

"मी कुठे विमानात बसलेय? आणि ऐका, मी काहीही दाबलेलं नाही. आधीच सांगून ठेवते. तुम्हा लोकांना पहिल्यांदा तेच वाटतं."

हे ऐकून धाकटीला ठसका लागता लागता राहिला. त्या घरात तिचाही एक लॅपटॉप होता. संध्याकाळी ती त्यावर हिशेबाचा कोर्स करायची. आठवड्यातून एकदा तरी नवऱ्याशी वाजायचं, आणि वाजलं की त्या संध्याकाळी नेमकं तिचं नेट जायचं. नवरा दाराला टेकून म्हणायचा, "कंपनीला फोन कर." आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "तिनेच काहीतरी दाबलं असेल!" धाकटीने इतक्या वेळा फोन केले होते की थांबून राहताना वाजणारी ती पिपाणी तिला झोपेतही ऐकू यायची. एकदा फोनवर एक सर्दी झालेला माणूस भेटला. त्याने नाक ओढत विचारलं, "बाई, घरातली बाकीची यंत्रं चालतायत का?" तिथून पुढे तिला सगळं उमजत गेलं. संसार काही तेवढ्यावरून मोडला नाही, मोडायला इतर बरंच होतं. पण नवरा वायफाय बंद करतो असं कोर्टात सांगायची सोय नव्हती. जज हसला असता आणि जजच्या घरचंही कोणीतरी हसलं असतं.

"मॅडम," तिने विचारलं, "घरातली बाकीची यंत्रं चालतायत का? टीव्ही नेटवर चालतो ना? तो लावून बघा."

टीव्ही लागला. कोणीतरी कोणाच्या तरी कानफटात मारल्याचा आवाज तीन वेळा घुमला.

"चालतोय," सासूबाई म्हणाल्या. "मालिका सुरू आहे. बंद करू?"

"करा."

"थांबा, एवढी थोबाडीत बसू दे. हं, केला."

आता शंकेला जागाच उरली नव्हती. लाइन ठीक, राउटर ठीक, लॅपटॉप राउटरपर्यंत पोहोचतोय तेही ठीक. फक्त हाच एक लॅपटॉप राउटरने दारात अडवलेला होता, आणि राउटर आपण होऊन कोणाला अडवत नाही. त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

"मॅडम, आपल्या घरी राउटरच्या सेटिंग कोण बघतं?"

"मुलगाच बघतो. ते खातं त्याचं. मला कशाला ते? मला सहा वाजता खेळायला बसायचंय, एवढंच मला ठाऊक." आणि मग, परक्या बाईला सांगायला हरकत नाही म्हणून की काय, सासूबाई मोकळ्या झाल्या. "आज उपांत्य फेरी आहे आमची. पत्त्यांची. चौघांचा खेळ, जोडीजोडीने. माझे पार्टनर दातांचे डॉक्टर आहेत, निवृत्त. माझ्यासारखेच एकटे. रोज संध्याकाळी आम्ही खेळतो, कॅमेरा लावून. ते तिकडे, मी इकडे. आणि आमच्या चिरंजिवांना ते खुपतं. म्हणतो, या वयात परक्या पुरुषाशी हसतेस. अहो, हसू नको तर काय करू? समोर आरसा ठेवून रडू?"

ज्या बाईने धाकटीला 'सुनेने दात दाखवून हसू नये' असं जेवणाच्या टेबलावर बजावलं होतं, ती हीच बाई. आता एका दातांच्या डॉक्टरला ती रोज दात दाखवत होती. धाकटीला हसू आलं, रागही आला, आणि दोन्ही गिळून तिने घड्याळाकडे पाहिलं. सहाला फारसा वेळ नव्हता.

"लॅपटॉपवर ब्राउझर उघडा," ती म्हणाली. "मी सांगते ते आकडे टाका, मधे टिंब देत जा."

आकडे टाकून झाले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पान उघडलं. पानाने पासवर्ड मागितला. राउटरच्या बुडाला एक चिकटपट्टी असते, तिच्यावर कारखान्यातून आलेला पासवर्ड छापलेला असतो. सासूबाईंनी राउटर उलटा केला, त्याच्यावरची धूळ फुंकली, शिंकल्या, आणि वाचून टाकला. पानाने नकार दिला. परत टाकला, परत नकार. चिरंजिवांनी तो बदलला होता, हे उघडच होतं.

इथे धाकटीपुढे दोन रस्ते होते. राउटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसून धरली की राउटर सगळं विसरतो, अडवलेली माणसंही विसरतो. पुस्तकात लिहिलेला उपाय तोच. पण त्याबरोबर तो कंपनीची लाइनही विसरतो, आणि ती परत बसवायला माणूस पाठवावा लागतो. माणूस उद्या दुपारच्या आत मिळाला नसता. म्हणजे उपांत्य फेरी गेली.

दुसरा रस्ता म्हणजे पासवर्ड. तो धाकटीला माहीत होता. तिचा पूर्वीचा नवरा एका बोटाने टाइप करायचा आणि प्रत्येक अक्षराला ओठ हलवायचा. असा माणूस गुपित ठेवायच्या कामाचा नसतो. गेल्या तीन वर्षांत त्याने तो बदललाही नसणार. मोजेसुद्धा जो बोटं बाहेर आल्याशिवाय बदलत नाही, तो पासवर्ड काय बदलणार. पण ग्राहकाचा पासवर्ड मदत केंद्रातल्या माणसाने सांगणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. आणि त्याहून वाईट, तो सांगितला की सासूबाई विचारणार, तुला कसा ठाऊक?

तिने टाचणीचं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. "मॅडम, राउटरच्या मागे एक भोक..."

"अहो, काय ते लवकर करा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "डॉक्टर वाट बघत असतील. परवाही बघितली असणार, कालही बघितली असणार. मी जिवंत आहे का नाही तेही त्यांना कळलेलं नाही. माझ्याकडे त्यांचा फोन नंबर नाही हो. कधी मागितलाच नाही. बरं दिसलं नसतं ना."

धाकटीने आजूबाजूला पाहिलं. शेजारचा मुलगा कोणाला तरी प्लग भिंतीत घालायला सांगत होता. सुपरवायझर लांबच्या रांगेत कोणाच्या तरी डोक्यावर उभा होता.

"मॅडम, मी सांगते ते टाका," ती हळूच म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. आईचा राजा."

टकटक थांबली.

"काय?"

"आईचा राजा. मधे जागा न सोडता. शेवटी एक हा आकडा."

बराच वेळ नुसत्या कळांचा आवाज येत राहिला. एकेक कळ, सावकाश. मग सासूबाई म्हणाल्या, "उघडलं."

"आता डावीकडे..."

"थांब." सासूबाई 'अहो'वरून 'अगं'वर आल्या होत्या, मधे कुठेही न थांबता. "हा पासवर्ड तुला कुठून मिळाला?"

"सिस्टीममध्ये दिसतो, मॅडम."

"सिस्टीममध्ये म्हणे. लहानपणी मी त्याला राजा म्हणायचे, हे तुमच्या सिस्टीमला कोणी सांगितलं? तू आहेस होय गं? मघापासून आपण-आपण काय लावलंयस? मला वाटलं बँकेतली कोणीतरी आहे. आणि आवाजाला काय झालंय, घशात बोळा कोंबलाय?"

धाकटीला आता काय म्हणावं ते सुचेना. आई म्हणावं तर ते नातं कोर्टाने शिक्का मारून संपवलेलं. काकू म्हणावं तर आणखीच विचित्र. मॅडम तर आता हास्यास्पदच झालं असतं.

"कशा आहात?" ती घरच्या आवाजात म्हणाली. नात्याला बगल देऊन विचारता येईल असं तेवढंच होतं.

"कशी असणार? परवापासून बिननेटची आहे. डावीकडे काय म्हणत होतीस?"

डावीकडे घरातली सगळी यंत्रं ओळीने होती. टीव्ही, चिरंजिवांचा मोबाइल, त्यांचा दुसरा मोबाइल, त्यांचा टॅब. सगळ्यांसमोर हिरवा ठिपका. एकाच नावासमोर लाल फुली होती. धाकटीने ती फुली काढायला सांगितली. सासूबाईंनी ती काढली, आणि पृथ्वीचा गोळा जाऊन तिथे पंखा आला.

"आला पंखा!" सासूबाई ओरडल्या. आणि लगेच, त्याच श्वासात, "म्हणजे ही फुली कोणीतरी मारली होती."

"हो."

"त्याने."

धाकटीने पडद्यावरच्या पट्टीकडे पाहिलं, ती पिवळी झाली होती.

"आणि मग तेव्हा," सासूबाई थांबून थांबून म्हणाल्या, "तुझा तो बंद पडायचा. संध्याकाळचा. तोही..."

"तोही असाच."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मी म्हणायचे, तिनेच काहीतरी दाबलं असेल."

"म्हणायचात."

"माझ्या सगळ्या जावांना सांगितलं होतं मी. सुनेला बटणांचं काही कळत नाही, हात लावेल ते मोडते, असं. फोन करकरून सांगितलं होतं." सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "आता त्यांना परत फोन करून खरं सांगायचं तर त्यातल्या दोघी गेल्या."

"राहू द्या."

"राहू द्याच म्हणावं लागेल. वर काही नेट नाही."

धाकटीला हसू फुटलं. दाबायला गेली तर नाकातून आलं. पलीकडे सासूबाईही हसत होत्या की खोकत होत्या ते नीट कळत नव्हतं. माफी कोणी मागितली नाही. सासूबाईंनी ती आयुष्यात कोणाची मागितली नव्हती आणि इतक्या वर्षांनी सुरुवात करायला त्यांना वेळही नव्हता, कारण सहा वाजायला आले होते.

"तू ठेवू नकोस," त्यांनी हुकूम सोडला. "मधेच परत गेलं म्हणजे? लाइनवर राहा."

"मला नाही राहता येत. इथे..."

"ग्राहक आहे मी तुझी."

हे खरं होतं. धाकटीच्या पडद्यावरची पट्टी एव्हाना पिवळ्याची लाल झाली होती, म्हणजे फोन फार लांबला होता. सासूबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावला, आणि धाकटीच्या कानात तीन वर्षांनी त्या बैठकीच्या खोलीतला सगळा आवाज भरला. भिंतीवरचं घड्याळ, पडदा ओढताना कड्यांची खरखर, आणि मग लॅपटॉपमधून एक जाड, आनंदी पुरुषी आवाज.

"अहो, होतात कुठे तुम्ही? मी तर तुमच्या नावाने रडायची तयारी केली होती!"

"मला व्हायरस झाला होता," सासूबाई म्हणाल्या. "आता उतरला. वाटा पत्ते."

खेळ सुरू झाला. खेळताना जोडीदाराशी बोलायचं नाही असा नियम असावा, कारण एकदम शांतता पसरली. त्या शांततेत सासूबाई एकदा खोकल्या. थोड्या वेळाने डॉक्टर दोनदा खोकले. मग सासूबाई तीनदा.

धाकटीला काळजी वाटली. "बरं नाहीये का? औषध घेतलंत?" तिने कुजबुजत विचारलं.

"गप," टेबलावरून तितकीच बारीक कुजबुज आली. "तीन म्हणजे बदाम."

धाकटीने कपाळाला हात लावला. दुधात पाणी घातलं म्हणून ज्या बाईने दूधवाल्याला तीन मजले खाली पळवत नेलं होतं, ती बाई पत्त्यांत खोकून लबाडी करत होती, आणि त्यात चांगलीच तरबेज दिसत होती. आपण त्या घरात चार वर्षं कोणाबरोबर राहत होतो, असा प्रश्न धाकटीला पडला. त्यातली निम्मी माणसं आपल्याला दाखवलीच नव्हती की काय. तिला पहिल्यांदाच त्या घरातल्या कोणाची तरी आठवण आली, तीही घर सोडून तीन वर्षांनी आणि खोकल्याच्या आवाजावरून.

तेवढ्यात तिच्या मागे सावली पडली. सुपरवायझर.

"लाल आहे," तो म्हणाला.

"हो."

त्याने आपला हेडफोन तिच्या यंत्राला जोडला आणि ऐकलं. कानात खोकला. मग आणखी खोकला. मग शांतता, आणि मग डॉक्टरांना अशी काही ढास लागली की थांबायचं नाव नाही. पाणी चुकीच्या नळीत गेलं असावं. खोकल्यावर खोकला. आणि त्यावर सासूबाईंची किंचाळी, "अहो, हे कोणतं पान म्हणायचं मी? सात वेळा? सात वेळाचं काही ठरलेलंच नाही आपलं!"

सुपरवायझरने हेडफोन काढला. "ग्राहक आजारी आहे का?"

"ग्राहक हरतोय," धाकटी म्हणाली.

"तक्रार सुटली?"

"सुटली."

"मग अजून लाइनवर काय करतेस?"

"ग्राहक आभार मानतोय."

सुपरवायझर तिच्याकडे बघत राहिला. त्याला तिच्यावर रागवायचं होतं, पण नेमकं कशासाठी ते ठरेना. "आटप," एवढंच म्हणून तो पुढच्या रांगेकडे गेला.

सासूबाई हरल्या. हरल्यावर त्यांनी जिंकलेल्या जोडीला दोन गोष्टी सुनावल्या, डॉक्टरांना चार सुनावल्या, आणि मग, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यात बघत, त्यांचा फोन नंबर मागितला. तो लिहून घेतल्यावर त्यांना टेबलावरच्या फोनची आठवण झाली.

"आहेस का गं?"

"आहे. आता ठेवायला हवं मला."

"एक सांग. ती लाल फुली कोणावरही मारता येते?"

"येते."

"त्याचा मोबाइल त्यातला कुठला?"

"ते मला सांगता येणार नाही. नियम आहेत."

"नको सांगू. मी सगळ्यांवर मारते."

"आणि पासवर्ड बदला आधी," धाकटी घाईने म्हणाली. एवढा सल्ला पुस्तकातही होता. "नवा ठेवा. कोणालाही सांगू नका. मलाही."

फोन ठेवल्यावर ग्राहकाने सेवेला एक ते पाच गुण द्यायचे असतात. सासूबाईंनी एक दिला. त्यांच्या हिशेबाने पहिला नंबर म्हणजे सर्वांत वरचा, आणि धाकटीला त्यांनी पहिला नंबर दिला होता. त्यापायी पुढच्या आठवड्यात धाकटीला 'ग्राहकाशी गोड कसं बोलावं' या वर्गात नवशिक्यांबरोबर बसावं लागलं. पासवर्डचं प्रकरण मात्र निघालं नाही. रेकॉर्ड केलेले फोन म्हणे अधूनमधून ऐकतात, पण इतका खोकला शेवटपर्यंत ऐकायची कोणाची तयारी झाली नसावी.

थोरलीला तिने सगळं सांगितलं. थोरली भडकली. "त्या बाईने तुला चार वर्षं छळलं आणि तू तिच्यासाठी नोकरी पणाला लावलीस? पत्ते खेळायला?" "ती वाट बघत होती," असं काहीतरी धाकटी म्हणाली. "वाट तो डॉक्टर बघत होता," थोरलीने चूक दुरुस्त केली. मग म्हणाली, "दिसायला कसा आहे?"

तेही कळलं. सासूबाईंनी कुठून तरी धाकटीचा नंबर मिळवला आणि एक फोटो पाठवला. बागेतला बाक, त्यावर दोघं, मधे थर्मास. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. खाली एक ओळ होती, की खेळाचे संकेत आता खोकल्याऐवजी चष्मा पुसण्यावर आणले आहेत. धाकटीने अंगठा उंचावल्याचं चित्र उलट पाठवलं. त्यापलीकडे त्यांचं काही गूळपीठ जमलं नाही. जेवायला बोलावणं वगैरे दोघींनाही झेपलं नसतं. महिन्यातून एखादा फोन यायचा, प्रिंटर कागद खातो म्हणून किंवा डॉक्टरांचा कॅमेरा उलटा दिसतो म्हणून. काम झालं की सासूबाई 'ठीक आहे' म्हणून ठेवून द्यायच्या.

एका रविवारी दुपारी दोघी बहिणी पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या, तेव्हा धाकटीचा फोन वाजला. तीन वर्षांत न आलेला नंबर होता.

"आईला काय पढवून ठेवलंयस?" पूर्वीच्या नवऱ्याने प्रस्तावनेशिवाय विचारलं.

"काय झालं?"

"घरात नेट नाही मला. फक्त मलाच नाही. नवा पासवर्ड विचारला तर म्हणते, वागणूक बघून सांगेन. या खेपेला चार दिवस मी शेजाऱ्यांचं वायफाय मिळतं म्हणून जिन्यात बसून ऑफिसचे मेल पाठवतोय. ते लोक माझ्या पायांवरून ये-जा करतात. तू सांग ना तिला."

"त्या पलीकडच्या खोलीत असतील ना? तूच सांग."

"पलीकडच्या खोलीत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "बागेत गेलीय. थर्मास घेऊन."

धाकटी हसायला लागली. हेडफोनमध्ये हसतात तसं मवाळ नाही, सासरी हसायची तसं पदराआड नाही. तोंड उघडून, दात दाखवून, मांडीवरचे मोजे खाली पडेपर्यंत हसली. तो दोनदा 'हॅलो' म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणून बघितलं, आणि मग त्यानेच ठेवून दिला.

"कोण होतं?" थोरलीने विचारलं.

"तो."

"काय म्हणत होता?"

"नेट नाही म्हणाला."

थोरलीने हातातली चादर झटकली, तिची दोन टोकं धाकटीच्या हातात दिली, आणि दोघींनी मिळून ती घडी घालायला घेतली.